वीतभर किल्ला, बोटभर फौज

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा मातीचा, आतून पोकळ आणि बोटभर ते वीतभर उंचीचा असतो. तो दोन अर्ध्या साच्यांत काढतात. ओल्या मातीची पातळ पोळी अंगठ्याने साच्यात दाबायची, पुढचा अर्धा भाग आणि पाठीचा अर्धा भाग जोडायचा, सांध्यावरून ओले बोट फिरवायचे, सावलीत वाळवायचे, मग भट्टी लावायची. भाजून निघालेल्या मूर्तीला आधी पांढऱ्याचा हात देतात आणि त्यावर अंगरखा, शेला, पगडी, ढाल चढत जातात. जुन्या कामात हे रंग गेरू, हरताळ, नीळ, काजळ असे असत आणि डिंकाच्या पाण्यात कालवलेले असत. आता डबीतले तयार रंग वापरतात. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते. कुंचल्याचे चार केस आणि दोन फटकारे एवढेच ते काम, पण कारखान्यात ते सरावलेल्या हाताकडेच जाते, कारण मावळा सावध आहे की झोपाळू, हे तिथे ठरते.

या मूर्तींना बाजारात सरसकट चित्रे म्हणतात. पुण्याचा कसब्यातला कुंभारवाडा त्यांच्यासाठी नावाजलेला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दसरा उलटला की स्टेशनाबाहेरच्या रस्त्यांवर पणत्यांच्या ढिगाशेजारी चित्रे मांडलेली दिसतात. त्यांत पहारेकरी, तुतारीवाला, भालदार-चोपदार, तोफा आणि सिंहासनावर बसलेले महाराज असतात. पण निम्म्याहून अधिक माल लष्करी नसतोच. गवळण, वाणी, वासुदेव, विहिरीवर पाणी भरणारी बाई, नांगर धरलेला शेतकरी आणि गुहेत ठेवायचा वाघ हे सगळे किल्ल्याच्या मेटावरचे आणि पायथ्याच्या पेठेतले लोक. घरातले मूल त्यांत आपली भर घालते: हिरवे प्लास्टिकचे बंदूकधारी, एखादी जीप, बुरुजावर उतरलेले हेलिकॉप्टर. मोठी माणसे त्यावर हसतात, पण दरवर्षी दोन-चार नव्या मूर्ती, गेल्या वर्षीच्या फुटक्यांची फेविकॉलने डागडुजी आणि मिळेल ते खेळणे भरतीला घेणे, हा संग्रह वाढवण्याचा जगभर चालत आलेला रीतसर मार्ग आहे.

ठाण्यातल्या माजिवड्यात या किल्ल्याला जागेची अडचण आहे. जुन्या गावठाणात अजून थोडे अंगण, थोडी माती मिळते. घोडबंदर रस्ता जिथे मुंबई-नाशिक महामार्गातून फुटतो तिथल्या उड्डाणपुलांच्या दोन्ही अंगांना मात्र मनोरेच मनोरे आहेत, आणि त्यांच्या पोडियमवर हिरवळ असली तरी उकरता येईल अशी माती नसते. मग विटा, गोणपाट, थर्माकोल आणि बाहेरून आणलेली चार पोती माती यांवर किल्ला उभा राहतो. कित्येकदा संपूर्ण संकुलाचा मिळून एकच. त्याचा एक फायदा असा, की घरोघरच्या पेट्यांमधली चित्रे एका ठिकाणी येतात आणि एकाच गडावर पाच शिवाजीमहाराज हजर होतात. त्यांतले सिंहासनावर कोणते बसवायचे, यावरून होणारी भांडणे लहानांपुरती राहत नाहीत.

प्रमाण हा या मांडणीतला सर्वांत मनोरंजक भाग. साधा मावळा दहा सेंटिमीटर उंच धरला तर ते खऱ्या माणसाचे साधारण सतरापट लहान रूप होते. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्याच प्रमाणात तो बांधायचा तर ४८ मीटरचा, म्हणजे सोळाएक मजली इमारतीएवढा बांधावा लागेल. उलट, गड चार फुटी ठेवून त्याच्या मापाने मावळे करायचे म्हटले तर मावळा तिळाएवढा होईल. किल्ल्यावर ही दोन्ही मापे बिनतक्रार एकत्र नांदतात. शिवाय महाराज पहारेकऱ्याच्या दुप्पट आणि महादरवाजा पहारेकऱ्याच्या कमरेइतका. जुन्या लघुचित्रांतही राजा असाच मोठा काढत: माणूस किती महत्त्वाचा, यावर त्याची उंची ठरे. किल्ला पाहताना ते खटकत नाही. खटकायला हवी ती वेगळीच गोष्ट: अफजलखानाच्या भेटीचा देखावा सोडला तर या फौजेसमोर शत्रू उभा नसतो. सगळे सैन्य पहाऱ्यावर किंवा दरबारात आहे, लढाईत नाही.

मूर्तींच्या फौजेला शत्रू देणारा छंद युरोपात वाढला. समोरासमोर दोन सैन्ये मांडण्याची कल्पना अर्थात बुद्धिबळाइतकी जुनी आहे. कंपनी सरकारच्या काळात बंगालमध्ये बहरामपूरच्या बाजूला हस्तिदंती पटाचे असे संच कोरले जात, की एका बाजूला हिंदी राजाचे हत्ती-घोडे आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचे गोरे अधिकारी व शिपाई. साहेब लोक ते विलायतेला नेत. प्रत्यक्ष लढाईचा सराव म्हणून पटावर सैन्य हलवण्याची पद्धत प्रशियात रुजली. राइसविट्झ पितापुत्रांपैकी थोरल्याने १८१२ मध्ये आपला खेळ राजाला दाखवला, आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तो नियमांसह छापला. नकाशावर ठोकळे सरकवायचे, मारगिरीचा परिणाम फासे टाकून ठरवायचा आणि वाद पंचाने मिटवायचा, अशी ती रीत. त्यात रंगीत शिपाई नव्हते.

रंगीत शिपाई खेळण्यांच्या दुकानातून आले. न्युरेम्बर्गमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कथलाचे चपटे सैनिक बनत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ शिशाचा सैनिक बाजारात आणला. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे आणि लगेच उलटे करायचे. साच्याला लागलेला थर तेवढा गोठून उरतो. शिसे कमी लागले, वजन घटले, किंमत उतरली, आणि भरीव सैनिक विकणाऱ्या जर्मन कारखानदारांच्या पोटात गोळा आला. कसब्यातला मावळा आणि लंडनचा तांबड्या डगल्यातला शिपाई दोघेही पोकळ, आणि दोघेही स्वस्त. ब्रिटनच्या मूर्तीची ५४ मिलिमीटर उंची पुढे खेळण्यातल्या सैनिकांचे जवळजवळ प्रमाण माप ठरली. या कंपनीच्या संचांत हिंदी घोडदळ आणि पायदळही असे, साम्राज्याच्या बाजूने लढणारे.

एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात याच मूर्तींनी जमिनीवर खेळायच्या लढाईचे नियम दिले. त्याच्या खेळात फासे नव्हते. स्प्रिंगची खेळण्यातली तोफ लाकडी गोळा फेकी, आणि जो शिपाई पडे तो मेला. खऱ्या युद्धाऐवजी लोकांनी हे खेळावे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रौढांचा छंद झाला आणि मूर्ती आक्रसत गेल्या. आज सर्वाधिक चालते ते २८ मिलिमीटरचे माप. मोठ्या लढायांसाठी १५ किंवा त्याहून लहान. इथे तीन प्रमाणे एकाच वेळी सांभाळावी लागतात: मूर्तीचे माप, जमिनीचे माप आणि एका मूर्तीमागे किती माणसे धरायची ते. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई घ्यावी. आजच्या जालना जिल्ह्यातल्या या गावाजवळ पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी गाठ घातली. इंग्रजांकडचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ झाले. वेलस्लीजवळ मित्रफौजा धरून साडेनऊ हजार माणसे होती. एका मूर्तीत २० माणसे धरली तरी त्याच्या बाजूच्याच पावणेपाचशे मूर्ती रंगवाव्या लागतात. शिंद्यांच्या कवायती पलटणींना आणखी पाचेकशे. हजारो स्वारांच्या घोडदळाचे नाव काढले की बहुतेक संग्राहक पंधरा मिलिमीटरकडे वळतात.

रंगकामाची पद्धत मात्र मापाबरोबर फारशी बदलत नाही. साच्याची शिवण कानशीने घासायची, मूर्ती धुवायची, अस्तर द्यायचे, मग कातडी, कापड, चामडे, धातू असे सपाट रंग भरायचे. त्यावर गडद पातळ रंगाचा हात फिरवला की तो चुण्यांत, बोटांच्या बेचक्यांत, दाढीच्या केसांत उतरतो आणि सावली पडल्यासारखी दिसते. कोरडा झालेला कुंचला उंचवट्यांवरून नुसता घासला की उजेड येतो. शेवटी वॉर्निश, आणि तळाच्या चकतीवर वाळू व नकली गवत. दिवाळीच्या किल्ल्यावर हेच काम अळीव करतात, आणि ते चार दिवसांत खरोखर उगवतात. लहान मूर्तीवर खरी सावली इतकी पुसट पडते की चार फुटांवरून सगळा रंग एकसारखा दिसतो. म्हणून सावलीही रंगवावी लागते. कुंभारवाड्यात हा प्रकार करत नाहीत, कारण दहा सेंटिमीटरच्या मूर्तीवर भडक सपाट रंग पणतीच्या उजेडातही लांबून ओळखू येतो. आपापल्या जागी दोन्ही रीती बरोबर आहेत. पणतीशेजारी ठेवलेला सावल्या रंगवलेला मावळा मळकट वाटेल.

या छंदाची एक मोठी शाखा वसाहतकाळातल्या लढायांची आहे. झुलू, सुदान, वायव्य सरहद्द हे तिचे आवडते प्रदेश. १९६४ च्या 'झुलू' या चित्रपटाने तिला बळ दिले, आणि १९७९ मध्ये लॅरी ब्रॉमने लिहिलेली 'द सोर्ड अँड द फ्लेम' ही नियमावली अजून वापरात आहे. अशा संग्रहांची ठेवण ठरावीक असते. एका बाजूला नेमक्या गणवेशातल्या मोजक्या पलटणी, प्रत्येकीचा कॉलर कोणत्या रंगाचा तोही ठरलेला; दुसऱ्या बाजूला 'एतद्देशीय' म्हणून एक मोठा घोळका. लाल डगल्याच्या पाठीवरच्या पिशवीची चौकशी करणारे संग्राहक समोरच्या माणसाच्या पगडीचा पेच कोणत्या मुलखातला, हे विचारत नाहीत. हिंदुस्थानी माणसाची छोटी मातीची मूर्ती एकोणिसाव्या शतकात युरोपात कमी गेली असे नाही. पुणे, लखनौ आणि कृष्णनगर इथल्या कारागिरांनी घडवलेले भिस्ती, धोबी, सावकार, शिपाई प्रदर्शनांत मांडले जात. मुंबईच्या भायखळ्याला १८७२ मध्ये उघडलेल्या आणि १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळालेल्या संग्रहालयात मुंबईतल्या जातीजमातींच्या अशा मूर्ती आजही काचेआड आहेत, आणि तिथे पगड्यांचे फरक बारकाईने पाळलेले आहेत. मावळ्याला पगडीचा पेच नीट घालायला शिकायचे असेल तर ठाण्याहून लोकलने तासाभरात जाता येईल अशी ही शाळा आहे.

आणि वसाहतकाळातली लढाई मांडायला ठाणेकराला झुलूंच्या देशात जायची गरज नाही. माजिवडा ज्या साष्टी बेटावर आहे त्या बेटासाठीच एक युद्ध झाले. ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर पुण्याची गादी डळमळली, रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांशी बोलणी करू लागले, आणि पोर्तुगीज साष्टी परत घेण्याच्या खटपटीत आहेत अशी बातमी मुंबईला लागली. इंग्रजांनी मग वाट पाहिली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये जनरल रॉबर्ट गॉर्डनच्या हाताखाली तोफखान्यासह सुमारे ६२० युरोपी, हजार शिपाई आणि तोफांवरचे २०० लस्कर निघाले. आरमार कमोडोर जॉन वॉटसनकडे होते. वॉटसन वेढ्यातच प्राणघातक जखमी झाला. २७ तारखेच्या रात्री खंदक बुजवण्याचा प्रयत्न झाला तो किल्ल्यातल्या लोकांनी उधळला आणि शंभर युरोपी गारद केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हल्ल्याने किल्ला पडला, आणि आतल्या बहुतेक लोकांची कत्तल झाली. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

युद्धखेळासाठी ही लढाई आटोपशीर आहे. एकास वीस या हिशेबाने हल्लेखोरांच्या नव्वदेक मूर्ती पुरतात, एक तट, एक खंदक, खाडीची एक पट्टी. खेळाचा कस खंदकावर लागतो: किती माणसे भरावाची पोती वाहणार आणि किती त्यांना बंदुकांचे पाठबळ देणार. दिवाळीत रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग उत्साहाने बांधले जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिल्यापासून त्यांची मोहिनी आणखी वाढली आहे. ठाण्याचा किल्ला माजिवड्यापासून दोन-तीन किलोमीटरवर असूनही सहसा कुणी बांधत नाही. याला कारण आहे. तो सपाट जमिनीवर आहे, त्यामुळे मातीचा डोंगर रचण्याची गंमत नाही. शिवाय आत मध्यवर्ती कारागृह असल्याने मुलांना तो पाहता येत नाही.

त्याच किल्ल्याने दुसरा एक प्रसंग दिला आहे, ज्याला दहा मूर्तीही फार होतील. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनावरून इंग्रजांनी पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांना इथे कैदेत ठेवले होते. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा होता. एका मोतद्दाराने इंग्रज अंमलदाराकडे नोकरी धरली आणि घोड्याला खरारा करताकरता खिडकीखाली पळून जाण्याची योजना मराठीत गाऊन सांगितली. पहारेकऱ्यांना अवाक्षर कळले नाही. सप्टेंबर १८१६ मध्ये डेंगळे निसटले. खेळात हे मांडताना पहारेकऱ्यांना मूर्ती हलवायला मोकळीक द्यायची, पण संशय घ्यायचा अधिकार फाशांवर सोपवायचा.

मांडण्याजोगा आणखी एक प्रसंग कल्याणचा, १७८० चा. इंग्रजांनी घेतलेले कल्याण मराठी फौजेने वेढले. कॅप्टन कॅम्पबेल आत अडकला होता, आणि मे महिन्यात कर्नल हार्टलेने येऊन वेढा उठवला. पण ठाणे जिल्ह्यातली खरी नाट्यपूर्ण लढाई वज्रेश्वरीजवळच्या दुगाडची. वसई ११ डिसेंबर १७८० ला इंग्रज सेनापती गॉडर्डच्या हाती पडली. त्या वेढ्याला पाठीमागून उपद्रव होऊ नये म्हणून हार्टले दुगाडला मराठ्यांना थोपवून उभा होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्याचा आडोसा घेऊन मराठी सरदार रामचंद्र गणेश निवडक लोकांनिशी त्याच्या टेकडीवर चालून गेले. टेकडीवर रात्रीतून मोर्चा आणि तोफा उभ्या झाल्या होत्या. धुके एकाएकी फाटले, चालून आलेली तुकडी तोफांच्या तोंडी उघडी पडली आणि रामचंद्र गणेश ठार झाले. पटावर हे धुके हाच तिसरा खेळाडू असतो. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला फासा टाकायचा. ठरलेला आकडा पडेपर्यंत इंग्रज बाजूला समोरच्या मूर्ती दिसत नाहीत, त्या झाकलेल्या चिठ्ठ्यांवरून सरकतात. मराठ्यांची बाजू खेळणाऱ्याला दर चालीला एकच निर्णय घ्यायचा असतो, जोराने धावायचे की दबकत जायचे, आणि कोणताही घेतला तरी फासा त्याच्या हातात नसतो. इतिहासात जे रामचंद्र गणेशांच्या वाट्याला आले ते समजायला या अर्ध्या तासाच्या खेळाइतकी चांगली रीत क्वचित सापडेल.

मांडून झालेल्या मूर्ती टिकवणे हा वेगळाच उद्योग. शिशाच्या जुन्या मूर्ती लाकडी कपाटात, विशेषतः ओकच्या, बंद ठेवल्या तर लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने त्यांवर पांढरी भुकटी धरते आणि मूर्ती झिजत जाते. मऊ प्लास्टिकवरचा रंग वाकवला की पापुद्र्यासारखा सुटतो. भाजलेल्या मातीला खाडीकाठच्या दमट हवेचा तसा त्रास नाही. तिचे मरण पडण्यात आहे. भाला, तुतारी, पगडीचा तुरा, तलवारीचे टोक या क्रमाने मोडतोड होते. तुळशीच्या लग्नानंतर चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकण्याऐवजी खणांच्या खोक्यात उभी ठेवली तर ती पाच-दहा दिवाळ्या सहज काढतात. धूळ ओल्या फडक्याने पुसू नये, जुन्या कामावरचा डिंकाचा रंग उतरतो. कोरडा मऊ कुंचला पुरे. काचेच्या कपाटात मांडायची झाल्यास उंच मूर्ती मागे, लहान पुढे आणि दिवा एकाच बाजूने, म्हणजे चेहऱ्यांचा उठाव राहतो.

दुगाड किंवा ठाण्यासाठी लागणारे सैन्य दिवाळीच्या बाजारातल्या चित्रांतूनच उभे करता येते. मावळ्याच्या हातातला भाला काढून त्या जागी तारेची तोडेदार बंदूक बसवली आणि कमरेला दारूचे शिंग लावले की अठराव्या शतकातला मराठी बंदूकवाला होतो. गारदी कवायती पायदळ, म्हणून त्याची ढाल काढावी आणि खांद्यावरून आडवा पट्टा घ्यावा. मराठी फौजेत सगळ्यांना एक गणवेश नव्हता, तेव्हा अंगरख्यांचे रंग एकसारखे ठेवू नयेत. पांढरा, मळका पांढरा, हळदी, करडा असे मिसळावेत. कंपनीच्या शिपायासाठी अंगरखा कमरेपर्यंत घासून त्याचा लाल डगला करायचा. खाली गुडघ्याच्या वर संपणारा पांढरा जांघ्या, त्यामुळे मांडीचा भाग कातडीच्या रंगात रंगवावा लागतो; डोक्याला निळसर पागोटे, पाय उघडे किंवा चपलांत. गोऱ्या पलटणीला तीन कोनांची काळी टोपी आणि पांढरी तुमान लागते. ती टोपी बाजारातल्या कोणत्याच मूर्तीच्या डोक्यावर नसते. शाडूच्या गोळीची वेगळी घडवून चिकटवावी लागते.